टेंभुर्णीच्या विहिरीचं पाणी

कोलंबोच्या बंदरात बोट लागली तेव्हा सकाळीच उन्हाने जीव नकोसा झाला होता. जालन्याचं ऊन नुसतं भाजतं. हे मात्र ओल्या गोधडीसारखं अंगावर पडलं होतं. पांढरं पातळ नेसलेल्या प्रभावतीबाई पिशवीतली बाटली सांभाळत शिडी उतरल्या.

"आई, आज तरी रंगीत नेसायचं," सून प्रीती म्हणाली. "बोटीवरचे लोक विचारून राह्यले, कुणी वारलं का म्हणून."

"वारलंच की," त्या म्हणाल्या. "मंग तसं सांगायचं."

बाटलीत टेंभुर्णीच्या त्यांच्या विहिरीचं पाणी होतं. प्रभावतीबाई लग्न होऊन आल्या तेव्हा वस्तीतल्या बाया गावविहिरीपासून लांब घागरी घेऊन बसत. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचं. शेवटी सासऱ्यांनी आपल्या तुकड्यात पहार मारली आणि पाणी लागेपर्यंत खाली ठेवली नाही. तेव्हापासून त्यांचा मुलगा, प्रभावतीबाईंचा नवरा तातेराव, एकच धोशा लावून बसला: बोधगयेच्या फांदीपासून वाढलेल्या श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाला ह्या विहिरीचं पाणी घालायचं. गेल्या साली डोळे मिटताना त्याने बायकोकडून तसं वदवूनही घेतलं. म्हणून तर मुलाने, सुमितने, ही बोटीची सफर ठरवली होती.

धक्क्याबाहेर सुमित रिक्षावाल्याशी बोलून परत आला तो तोंड पाडूनच.

"आई, अनुराधापूर लई लांब हाय. जायलाच दुपार उलटल. संध्याकाळी बोट सुटती."

"तूच म्हन्ला ना, श्रीलंका ती केवढीशी."

"नकाशात एवढीशीच दिसली. मला वाटलं, जालना ते टेंभुर्णी."

रिक्षावाल्याने त्यांना शहरातल्याच एका विहारात नेलं. आवारात पिंपळाला दगडी कठडा होता. पांढऱ्या कपड्यांतल्या बाया झाडाला पाणी घालत होत्या.

"हे बी त्याच झाडाच्या वंशातलं असल," सुमित म्हणाला. "पप्पांना चालल."

प्रभावतीबाई बाटली धरून उभ्याच राहिल्या. मनासारखी बुद्धमूर्ती मिळेपर्यंत गावच्या विहारातला चौथरा रिकामा ठेवणारा माणूस तो. त्याला कधी असलं काही चाललं होतं? पण गुडघे असे झालेले, पोराला रजा मिळायची मारामार. पुन्हा कोण आणणार होतं इथे?

त्यांनी पाणी ओतलं. माती आधीच ओली होती. आपलं पाणी कुठे पडलं तेही कळलं नाही. त्रिशरण अर्धवट टाकून त्यांनी रिकामी बाटली पिशवीत ठेवली. सुमितने मागून फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला: पप्पांची इच्छा पूर्ण. श्रीलंका.

रिक्षात बसतात तोच फोन वाजला. पडद्यावर नणंद बेबीनंदा होती. तिच्या मागे वस्तीतल्या बाया दाटीवाटीने उभ्या होत्या.

"वहिनी, अनुराधापूर पाह्यलं तुम्ही. दादाचं सोनं केलं. झाड किती मोठंय वो?"

सुमित रस्त्याकडे बघायला लागला.

"लई मोठंय, बेबी," प्रभावतीबाई म्हणाल्या. "कवेत मावंना."

"आमच्या बाबाच्या इहिरीचं पाणी पोचलं मुळापस्तोर?"

"पोचलं."

बेबीनंदाने डोळे पुसले. मागून एक बाई म्हणाली, "येत्या पौर्णिमेला विहारात उभं राहून समद्यांला सांगा म्हणावं."

"सांगते," प्रभावतीबाई म्हणाल्या. फोन सुमितच्या हातात देऊन त्यांनी पदर पार तोंडावर ओढून घेतला. ऊन लागतंय का, म्हणून प्रीतीने विचारलं. त्यांनी हो म्हणून मान हलवली.