उकळत्या दुधाचं प्रात्यक्षिक

दादांच्या दुकानात प्लॅस्टिकचे डबे होते, बाटल्या होत्या, आणि ते खपवायला धाकटी होती. धाकटी म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची बायको. घरच्या माणसाला पगार देणं दादांना अपमानास्पद वाटे, म्हणून तिला नुसता मान होता.

घरच्या धंद्याचं घरात वापरायचं, हा त्या घराचा रिवाज. खालच्या मजल्यावर धाकटीच्या संसारात चहाच्या गाळणीपासून तान्ह्या लेकीच्या बाटलीपर्यंत सगळं दुकानातलं. वरच्या मजल्यावर दादा आणि त्यांची बायको, थोरली. थोरलीने मध्यंतरी स्वयंपाकघर वेगळं केलं. जिन्याची ये-जा गुडघ्यांना सोसत नाही, म्हणाली. गुडघे दुखणाऱ्या बाईने वरचा मजला का निवडावा, हे कोणी विचारलं नाही. एकत्र कुटुंबं टिकतात ती अशीच.

शनिवारी दुपारी खालच्या हॉलमध्ये प्रात्यक्षिक असे. धाकटी बायकांसमोर बाटलीत उकळतं दूध ओती, बूच लावून ती उलटी धरी. थेंब गळत नसे. मग दूध निवलं की तीच बाटली लेकीच्या तोंडाला लावी. "आईपेक्षा मोठं सर्टिफिकेट कोणतं?" दादा म्हणत आणि माल बांधायला घेत.

त्या शनिवारी ऐन वेळी सिलिंडर संपला. दुधाचं पातेलं घेऊन धाकटी वर गेली. आपल्या लग्न झालेल्या लेकीकडून आलेल्या नातवासाठी थोरली दूध भरत होती. काचेच्या बाटलीत.

"वहिनी, काचेची? फुटली तर?"

"फुटली तर दुसरी. ह्यांनीच आणून दिल्यात."

"दुकानातली का नाही घेतली?"

"छे गं. गरम दूध ओतलं की प्लॅस्टिकमधलं काहीतरी उतरतं म्हणे त्यात. शरीराला ते आपल्यातलंच, हार्मोनसारखं वाटतं आणि मग ते वाढीच्या कामात लुडबुड करतं. लहान जिवाला जास्तच. कारखान्याचा माणूस ह्यांना सांगून गेला ना, हा माल गरम खाण्यापिण्यासाठी नाही म्हणून." थोरलीने बूच घट्ट केलं. "तेव्हाच म्हटलं, चूल वेगळी मांडू. तुला माहीतच असेल की."

धाकटीने पातेलं गॅसवर ठेवलं. दूध उतू जायला लागलं तरी ती तिथेच उभी होती. दुकानातल्या बाटल्यांच्या बुडाशी 'बाळासाठी उत्तम' असा गोल कागद असे. कारखान्यातून तो लागून येत नसे. तो धाकटी लावी, संध्याकाळी टीव्ही बघता बघता.

खाली नवरा खुर्च्या मांडत होता.

"तुला माहीत होतं?"

त्याला विचारावं लागलं नाही, कशाबद्दल. त्याने एक खुर्ची सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"अगदी माहीत असं नाही. दादा बोलला होता."

"आणि मी रोज आपल्या लेकीला त्यातून पाजतेय."

"अगं, आजकाल सगळ्यांच्याच घरात प्लॅस्टिक आहे. पळून पळून पळणार कुठे?"

"वरच्या मजल्यावर पळता येतं वाटतं."

त्याने पुढची खुर्ची उचलली. "दादा म्हणाला, हिला सांगू नकोस, बोलताना अडखळेल. तू मनापासून बोलतेस ना, म्हणून तर बायका विश्वास ठेवतात."

लग्नानंतर त्याने केलेली ही बहुधा सगळ्यात मोठी स्तुती होती.

बायका आल्या. शिंपीण आली, दिवस गेलेली बेकरीवाली आली. नातवाला मांडीवर घेऊन थोरली पहिल्या रांगेत बसली. धाकटीने उकळतं दूध ओतलं, बाटली उलटी धरली. थेंब गळला नाही. दूध निवेपर्यंत दादांनी त्यांचा नेहमीचा विनोद सांगितला.

"आता बाळाला आणा," ते म्हणाले.

"बाळ झोपलंय, दादा. पण घरात दुसरं बाळ आहेच."

तिने बाटली नातवासमोर धरली. बूच काढलं नव्हतं, काढणारही नव्हती. पोराने दोन्ही हात पुढे केले, आणि थोरलीने झटकन त्याला पदराआड ओढलं.



"का हो, त्याला नको का?" बेकरीवालीने विचारलं.

"पोट भरलंय त्याचं," दादा म्हणाले.

"पोट नाही भरलेलं," धाकटी म्हणाली. "त्याच्या आजीला ठाऊक आहे. मला आज कळलं." आणि बाटली, काच, कारखान्याचा माणूस, बुडाचा कागद, सगळं तिने नेहमीच्या प्रात्यक्षिकाच्या सुरात सांगितलं. ती कुठेही अडखळली नाही.

"माझ्या शब्दावर ज्यांनी माल नेलाय, त्यांच्या घरी मी उद्यापासून येतेय. तोवर त्यात गरम काही घालू नका. बटणं ठेवा, खिळे ठेवा."

"मूर्ख आहे ही," दादा बायकांकडे बघून हसले. कोणी हसलं नाही.

"बटणं ठेवीन गं," शिंपीण म्हणाली. "पण तुझ्या शब्दावर नातीला वर्षभर पाजलं, त्याचं काय?"

धाकटीने हातातली बाटली खाली ठेवली. 

आत लेक जागी होऊन रडायला लागली. धाकटी तिला बाहेर घेऊन आली. पातेल्यात उरलेलं दूध तिने स्टीलच्या वाटीत ओतलं आणि चमच्याने पाजायला बसली. पोरीला सवय नव्हती. अर्धं दूध हनुवटीवरून ओघळत होतं. इतकं संथ, इतकं सांडलवंडीचं प्रात्यक्षिक त्या हॉलमध्ये कधी झालं नव्हतं. वाटी रिकामी होईपर्यंत एकही बाई उठली नाही.