हाताचा वास

अनुसयाने दोन बोटं पारडीच्या तोंडात दिली. पारडी चोखायला लागली तसा तिने हात हळूच बादलीत नेला आणि दुधात बुडवला. नाक फुरफुरलं, फेस उडाला आणि मग चुटुचुटु आवाज सुरू झाला. पलीकडे मेहसाणी म्हशीखाली बसलेल्या मालतीबाईचा धार काढणारा हात थांबला. म्हशीने मागे वळून पाहिलं.

"काय बघतेस? तुझीच लेक आहे ती," मालतीबाई म्हशीला म्हणाली. "आता तिला दुसरी आई मिळाली."

अनुसयाला ऐकू जाईल इतपत मोठ्यानेच म्हणाली. अनुसयाने मान वर केली नाही. पारडीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, म्हणून तिने तिचं नाव टिकली ठेवलं होतं. आता पारडांनाही नावं. मालतीबाईने अकरा वर्षांत एकाही पारडाला नाव दिलं नव्हतं.

अकरा वर्षं ती उधन्यापलीकडच्या या तबेल्यात धारा काढत होती. दोन वर्षांमागे प्लेगच्या भीतीने अर्धं सुरत गाड्यांना लटकून पळालं, नवरा भिकनसुद्धा अमळनेरला जाऊन बसला, तेव्हा ही बाई इथेच राहिली. म्हशींची सडं तटतटतात, त्यांना प्लेग कळत नाही. हसमुखशेठ तेव्हा सगळ्यांपुढे म्हणाले होते, मालतीबेनचा हात म्हणजे हात. आता शेठ सकाळी आले की आधी पारडांच्या गोठ्याकडे जायचे.

आधीची रीत सरळ होती. पारडू आईला लावायचं, पान्हा फुटला की ओढून खुंट्याला बांधायचं, धार झाली की उरलंसुरलं त्याचं. जगलं तर जगलं. मेलं तर कातड्यात पेंढा भरायचा, वरून मीठ आणि आईचंच दूध चोळायचं आणि म्हशीपुढे ठेवायचं. म्हैस ते चाटत राहते आणि दूध सोडते. असं पेंढ्याचं पारडू बनवावं तर मालतीबाईनेच. दूध ती दोन्ही हातांनी असं चोळायची, की म्हशीने एकदा हुंगलं की ती पुन्हा शंका घ्यायची नाही.

उन्हाळ्यात कुणा डॉक्टरने शेठना सांगितलं, की पारडं जन्मल्याबरोबर वेगळी करा, चीक बादलीने पाजा, अंग कोरडं ठेवा. त्यासाठी ही अनुसया आली. वय पंचविशीच्या आतलं, गाव जळगाव जामोदकडचं, नवरा पलसाण्याला रंगाईच्या कारखान्यात. साडीवर नवऱ्याचा जुना निळा सदरा चढवून ती पारडांत बसायची. चार महिन्यांत नऊ पारडं झाली आणि नऊही जगली. पारडाशिवाय म्हशी पान्हावल्या त्या मालतीबाईच्या हाताला, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही. नऊ जगली, नऊ जगली, एवढंच. एखादं मरावं असं आपल्या मनात कधी आलं नाही, असं मालतीबाई स्वतःला अधूनमधून सांगायची.

घरी तिने भिकनच्या ताटात भाकरी जरा जोरातच टाकली.

"तिना हातले काय सोनं लागेल शे का?"

"तुले म्हशी शेतस, तिले पारडं," भिकन म्हणाला. "मंग भांडन कसानं शे?"

लूमच्या खडखडाटात वीस वर्षं काढलेल्या माणसाला काय सांगायचं? तिने त्याला दुसरी भाकरी वाढली नाही.

पुढच्या सोमवारी अनुसया पिशवी घेऊनच तबेल्यात आली.

"मावशी, भावाचा साखरपुडा हाय. चार दिवसाले जाऊन येते मी. बाकीचे पेतात कोनाच्याबी हातानं. टिकली तेवढी हट्टी हाय. बोटं तोंडात देजा अन् हात हळूच दुधात नेजा."

"मला शिकवतेस?"

"नाही मावशी. सांगून ठेवते." तिने निळा सदरा खिळ्याला अडकवला आणि गेली.

शेठही जाता जाता म्हणाले, "मालतीबेन, पाडीचं ध्यान राखजो." म्हशींचं ध्यान कोण राखतं, हे त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी मालतीबाईने बोटं दिली. टिकलीने ती जिभेने बाहेर ढकलली. पुन्हा दिली, पुन्हा तेच. तोंड धरून बादलीत घातलं तर तिने बादलीच उलथवली. मालतीबाईच्या अंगाची आग झाली. ठीक आहे, म्हणाली. बादलीबिदली गेली खड्ड्यात. आईची लेक आईपाशी जाऊ दे. सगळ्यांना दिसू दे, खरी रीत कोणती ते.

तिने दावं सोडलं आणि टिकलीला मेहसाणीपाशी नेलं. म्हशीने हुंगलं. अजून एकदा हुंगलं. मग मान खाली घातली आणि शिंगाच्या बुंध्याने असा धक्का दिला, की पारडी गव्हाणीवर जाऊन आदळली.

मालतीबाई पुढे धावली, पारडीला कवेत धरून मागे ओढलं. पाय मोडला नव्हता. म्हैस शांतपणे चारा खात होती. पहिल्या दिवसापासून जिला चाटलंच नाही, तिला ओळखणार कशी? अकरा वर्षं धारा काढणाऱ्या बाईला हे कळायला हवं होतं. कळतही होतं. रागापुढे आठवलं नाही.

सकाळी टिकली उभी राहिली नाही. कान लोंबत होते, नाक सुकलं होतं. मालतीबाईला एकदम सगळं दिसलं. अनुसया येईल, शेठ येतील, नऊची आठ झालेली असतील आणि तीही आपल्या हातून. तिने इकडेतिकडे पाहिलं. मग खिळ्यावरचा निळा सदरा काढला आणि अंगात घातला. दूध, घाम आणि पारडांच्या लाळेचा आंबूस वास नाकात गेला. याच वासाला तिने चार महिने नाकं मुरडली होती.

टिकलीने मान उचलली. बाही हुंगली. मग बोटं चोखली, आणि हात बादलीत गेला तरी सोडली नाहीत.

बोटांना ते खरखरीत, गरम ओढणं लागलं तसे मालतीबाईचे डोळे भरून आले, आणि लगेच तिला स्वतःचीच चीड आली. ही कुणाच्या वासावर पितेय? पेंढा भरलेलं कातडं चाटणारी म्हैस तिला आठवली. आज पेंढा कोण आहे, ते सांगायला कुणी नको होतं.

तरी तिने दुपारी सदरा घातला, संध्याकाळी घातला, दुसऱ्या दिवशीही घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी घातला नाही. टिकलीने तिचा उघडा हात हुंगला, थोडी थबकली आणि प्यायली. त्या दिवशी मालतीबाईने सदरा साबण लावून दोनदा धुतला आणि परत खिळ्याला अडकवला. सुरतच्या उन्हात तो कडकडीत वाळला.

शुक्रवारी सकाळी अनुसया थेट गोठ्यातच आली.

"सदरा धुतला काय, मावशी?"

"शेणाने माखला होता."

अनुसयाने तो घातला, बादली घेतली, टिकलीपुढे बसली. टिकलीने बाही हुंगली. बोटं हुंगली. मग तोंड फिरवलं आणि मालतीबाईच्या गुडघ्याला येऊन ढुशी दिली.

चार महिने मालतीबाईने याच क्षणाची वाट पाहिली होती. तिने अनुसयाकडे पाहिलं.

"बरं झालं," अनुसया हसत म्हणाली. "तुमच्याबी हातानं पेते आता." बादली धरलेली बोटं पांढरी पडली होती. नजर टिकलीवर नव्हती, मालतीबाईच्या हातांवर होती.

ती नजर मालतीबाईला चांगली ठाऊक होती. चार महिने ती तिच्याच डोळ्यांत होती.

"ऊठ," ती म्हणाली.

"काय झालं?"

"ऊठ म्हणते ना."

अनुसया उभी राहिली. मालतीबाईने दोन्ही हात कोपरापर्यंत बादलीत बुडवले, टिकलीच्या तोंडाची लाळ तळव्यांवर घेतली आणि त्या स्वच्छ निळ्या सदऱ्यावर चोळायला लागली. छातीवर, दोन्ही बाह्यांवर, मनगटापाशी, मग अनुसयाच्या बोटांवर, नीट दाबून. एकही जागा तिने कोरडी सोडली नाही.

"आता बस. आणि आठ दिवस धुऊ नको."

मग ती पलीकडे मेहसाणीखाली जाऊन बसली आणि कास धुऊन धार सुरू केली. मागे वळून पाहिलं नाही. थोड्या वेळाने चुटुचुटु आवाज आला. तिचा हात थांबला. मग म्हशीने वळून पाहायच्या आत तिने पुन्हा धार धरली.