भोंग्याच्या गावी

इंदरचंदने जुनी फियाट घेतली, तेव्हा वाशीमच्या कापडबाजारात लोकांनी त्याला चिडवून हैराण केलं. एरवी वीतभर कापड जास्त जाईल म्हणून जिवाचा आटापिटा करणारा माणूस! पण गाडी त्याने मिरवायला घेतली नव्हती. आईला हिंडवायला घेतली होती.

पानाबाईंची नजर पार गेली होती. दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, हा घरातला जैनांचा नेम मात्र त्या कसोशीने पाळत. दिवस आहे की गेला हे इंदरचंद सांगायचा. भाद्रपदातल्या एका ढगाळ संध्याकाळी दुकानातून यायला त्याला उशीर झाला. माय उपाशी झोपेल, या धास्तीने तो चक्क खोटं बोलला, "हाये अजून दिवस." त्यांनी दोन घास खाल्ले असतील-नसतील, शेजारच्या रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या. पानाबाईंनी ताट दूर सारलं. तेव्हापासून दिवस आहे का, हे त्यांनी त्याला विचारणंच सोडलं; त्या दुपारी एकदाच जेवायच्या. वाळून काडी झाल्या होत्या, आणि इंदरचंदला स्वतःचा घास गोड लागत नव्हता.

मार्गशीर्षातल्या दुपारी मायलेक कारंज्याला निघाले. पानाबाईंचा सगळा संसार तिथे कापसाच्या गाठी बांधायच्या प्रेसशेजारी झाला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना तुरी फुलल्या होत्या, टेकड्या निळ्या निळ्या होऊन मागे सरकत होत्या. इंदरचंद दिसेल ते सांगत होता, आणि पानाबाई त्याच्या सांगण्यात आपलं काहीबाही मिसळत होत्या. तो पडकी भिंत म्हणाला की त्या म्हणत, "तिथं बैलगाड्याची रांग लागे." तो नुसतं गवत म्हणाला की त्यांना सरकी काढलेल्या रुईचे ढीग दिसत. त्यांच्या सांगण्यात सारं गाव पिंजलेल्या कापसाने भरून गेलं, हवेत पांढरे तंतू तरंगू लागले. इंदरचंदनेही नकळत बाहीवरचा कापूस झटकला.

प्रेसच्या फाटकाशी जुना चौकीदार भाऊसिंग बाजेवर बसला होता. वाळलेल्या पानाबाईंना त्याने आवाजावरून ओळखलं.

"भाऊसिंग, तुमच्या भोंग्यावर माह्यं जेवण होतं," त्या हरखून म्हणाल्या. "आमच्या सैपाकघराले खिडकी नव्हती, भरदुपारी कंदील लागे. सहाचा भोंगा झाला का मी ताटावरून उठो."

"हिवाळ्यात कशा करत होत्या मंग?" भाऊसिंग भोळेपणाने म्हणाला. "हिवाळ्यात तं दिवस बुडाल्यावर वाजे तो."

त्या भाबड्या म्हाताऱ्याचं तोंड दाबावंसं वाटलं इंदरचंदला. पण पानाबाईंना हसू फुटलं, पदर तोंडाला लावूनही आवरेना.

"म्हंजे इतके हिवाळे मी रातीच जेवली! त्या भोंग्यावर कधी रुसली नाही, अन् पोटच्या पोरावर रुसली." त्यांनी चाचपत इंदरचंदचा हात धरला. "डबा काढ. भूक लागली मले."

त्याने घाईघाईने डबा उघडला. तिखट पुऱ्यांचा वास सुटला. पुरी हातात घेऊन त्या थांबल्या.

"इंदर, दिवस हाये का रे?"

त्याने मान वर केली. धुराड्यामागे आकाश लालभडक होतं, पण सूर्याची शेवटची कड नुकतीच गेली होती. किती दिवसांनी मायच्या हातात संध्याकाळचा घास आला होता! भाऊसिंग दुसरीकडे बघू लागला.

"नाही, माय. आत्ताच बुडाला."

पानाबाईंनी पुरी डब्यात ठेवली, झाकण लावलं. चेहऱ्यावर कुठे भुकेची खूण नव्हती.

"बरं झालं सांगतलं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून तू हाये म्हनशीन तवा मी जेवीन."