भिंतीवरचा सायलस

वर्नेटाला त्या दुकानाची पहिल्यापासून शिसारी होती. ईस्ट ओकलंडच्या ज्या नाक्यावर तिच्या धाकट्या भावाला, सायलसला, पोलिसांनी गांजाच्या पुड्यांसकट धरलं होतं, त्याच नाक्यावर आता गांजा कायदेशीर झाल्यावर संगमरवरी फरशी घालून, काचेच्या कपाटांत मंद दिवे सोडून तो राजरोस मांडला होता. लांबून बघणाऱ्याला सराफाची पेढी वाटावी. दारावर सोनेरी अक्षरं होती : ‘इथे सर्वांचं स्वागत आहे’.

सायलसला उद्घाटनाचं खास बोलावणं होतं. गांजापायी ज्यांनी तुरुंग भोगला त्यांचा म्हणे सन्मान. त्याचा तरुणपणीचा फोटो मागून नेऊन त्यांनी भिंतीवर मोठा करून लावला होता. तुरुंगातून सुटल्यावर ज्याला कुणी धड नोकरी दिली नाही, तो माणूस या बोलावण्याने असा फुलला की विचारू नका. निळा सूट काय काढला, बूट काय चमकवले!

“लग्नाला निघालायस का?” वर्नेटाने विचारलं.

“नेटा, आज तरी तोंड आवर. माणसं मान देतायत.”

“तू विकलास तेव्हा बेड्या, ते विकतात तेव्हा फुलांच्या माळा. आणि तू त्यांचे आभार मानायला चाललायस!”

तरी ती सोबत गेली. दारातल्या रखवालदाराने सायलसचं ओळखपत्र यंत्राखाली धरलं. यंत्राने तांबडा दिवा दाखवला. ओळखपत्राची मुदत संपली होती.

“आत सोडता येत नाही, साहेब. कायदा आहे.”

“अरे, तो बघ ना! समोर भिंतीवर मीच आहे.”

रखवालदाराने काचेतून फोटोकडे पाहिलं, मग सायलसकडे. “दिसतंय साहेब. पण फोटो चालत नाही.”

एवढ्यात दुकानाची व्यवस्थापक कॅसिडी बाहेर आली. अंगात मुद्दाम चुरगळलेले महागडे कपडे, आवाज आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा. “सायलस, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो. ही जागा तुमचीच आहे.”

“मग घे की आत,” वर्नेटा म्हणाली.

“तेवढं जमणार नाही. पण इथे पायरीवर छान फोटो काढू या. सरबत बाहेरच पाठवते.”

आणि सायलसने खरोखरच टाय सारखा केला, पायरीवर उभा राहिला आणि हसला. कॅसिडीचा तिटकारा वर्नेटाला होताच. पण आता स्वतःच्या भावाचाही आला, आणि तो जास्त झोंबला.

तिने आपलं ओळखपत्र रखवालदाराच्या हातात आपटलं आणि ती आत शिरली. आत उदबत्तीचा वास, हळू आवाजातली गाणी. एक गोड चेहऱ्याची विक्रेती मुलगी पुढे झाली. “आज तुम्हाला कसं वाटायला हवंय?”

“संताप. पण तो मी घरूनच आणलाय.”

ती सरळ भिंतीकडे गेली. फोटोखाली चौकटीवरच पितळी पट्टी होती : ‘आमच्या वाटेवरचा पहिला प्रवासी’. तिने दोन्ही हातांनी चौकट उतरवली.

“मॅडम! तो आमच्या सजावटीचा भाग आहे!” कॅसिडी किंचाळली. आवाजातला आजारी माणूस तेवढ्यात बरा झाला.

“हा माझ्या आईचा मुलगा आहे. सजावटीला कुंड्या आणा.”

कॅसिडीने रखवालदाराला हाक मारली. त्याने दार उघडून धरलं. “मी येणाऱ्यांना अडवतो, मॅडम. जाणाऱ्यांचं मला काही सांगितलेलं नाही.”

बाहेर सायलसचा चेहरा पडला. “चारचौघांत लाज काढलीस माझी. सरबतसुद्धा पिऊ दिलं नाहीस.”

“सरबत!” वर्नेटाने चौकट त्याच्या हातात कोंबली. “उचल. जड आहे.”

तो आठवडाभर तिच्याशी बोलला नाही. चौकट मात्र त्याने पलंगामागच्या भिंतीला, अगदी मधोमध ठोकली.

“ती पट्टी तरी उपट,” ती दारातून म्हणाली.

“राहू दे,” तो बाहीने पितळ पुसत म्हणाला. “चांगली दिसते.”

वर्नेटाने नाक मुरडलं आणि ती घेवडा शिजत घालायला गेली.