एकोणीस तारखेचा फळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. पण शाळेतला नव्हे. माझ्यावर कुणी पाढे लिहिले नाहीत, की फुलांची चित्रे काढली नाहीत. एका लष्करी छावणीच्या वाचनालयाबाहेर, व्हरांड्यातल्या दोन खांबांच्या मध्ये माझा जन्म गेला. माझ्यावर लढाया लिहिल्या जात.

छावणीच्या सुतारखान्यात दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्या येत. त्यांच्या फळ्या जोडून, रंधा मारून एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवले. त्याच्या तोंडात सदा खिळे असत, त्यामुळे तो बोलत नसे. काजळी आणि सरस कालवून त्याने मला काळे केले, सावलीत वाळवले आणि मग खिळे हातावर काढून म्हणाला, "चला, तुझं बरं झालं. फुटायचं नाही, जळायचं नाही, नुसतं उभं राहायचं." तो हसला. मलाही त्या वेळी फार आनंद झाला होता.

वाचनालयाच्या ग्रंथपाल एक बाई होत्या. रंगरुटापासून कर्नलसाहेबांपर्यंत सगळे त्यांना ताई म्हणत. सकाळी कवायतीची शिट्टी होण्याआधी त्या येत, मला पुसून घेत आणि वर मोठ्या अक्षरांत लिहीत: 'आजच्या तारखेला'. त्याखाली, त्या तारखेला पूर्वी कधी काळी घडलेल्या लढाया. एकीच्या आणि दुसरीच्या मध्ये शेकडो वर्षे गेलेली असत, पण माझ्यावर त्या एकीखाली एक अशा शेजारणींसारख्या बसत. ताई आदल्या संध्याकाळी जाडजूड पुस्तके उपसून त्या शोधत.

हिवाळा सरताना येणारी एकोणीस तारीखच घ्या. त्या दिवशी ताई लिहीत: नदीकाठच्या किल्ल्याचा वेढा उठला, आत खायला उंदीरही उरले नव्हते. त्याखाली: बंदरात धुक्यामुळे आपल्याच गलबतांनी आपल्याच गलबतांवर तोफा डागल्या. त्याखाली: दोन राजांनी एका तंबूत बसून तह केला.

रंगरूट जेवायला जाताना हातात ताटे घेऊन माझ्यापुढे थांबत. काही जण ओठ हलवत वाचत. एकदा पाहुणे आलेल्या एका वृद्ध सेनापतींनी मला वाचता वाचता डोक्यावरची टोपी काढली. तरुणपणी ते स्वतः ज्या लढाईत होते, ती त्या दिवशी माझ्यावर होती. तेव्हा मला वाटले, आपल्यासारखे भाग्य कुणाचे नाही.

ताईंना एक धाकटा भाऊ होता. आईवडील साथीत एकापाठोपाठ गेले, तेव्हापासून ताईच त्याच्या आई झाल्या. लहानपणी तो व्हरांड्याच्या पायरीवर बसून राही. ताईंनी खडू उचलला की त्या भुकटीने त्याला शिंका सुरू होत. त्यावरून सगळी छावणी त्याला शिंक्या म्हणू लागली. मी त्याचे दुसरे नाव कधी ऐकलेच नाही.

एकदा त्याने विचारले, "ताई, एका दिवसात इतकी माणसं मेली?"

"एका दिवसात नाही रे राजा, एका तारखेला."

"म्हणजे पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा मरतील?"

"काहीतरीच तुझं!" ताई म्हणाल्या, आणि त्याच्या नाकाला खडू लावला. तो शिंकला. दोघे हसत सुटले.

तो मोठा झाला. छावणीच्या शिंप्याच्या मुलीशी त्याचे लग्न झाले, मुलगी झाली. मग एका सकाळी तो नेहमीसारखा पायरीवर न बसता उभाच राहिला.

"ताई, मी नाव घातलंय."

"कशात?"

"भरतीत."

"शिंकत शिंकत लढणार का रे?" ताई हसत म्हणाल्या आणि लिहायला वळल्या. त्यांचा चेहरा आता फक्त मला दिसत होता. त्या हसत नव्हत्या.

वर्षभरातच युद्ध सुरू झाले. मैदान ओस पडले. ताटे घेऊन येणारी मुले आघाडीवर गेली आणि माझ्यापुढे बायका येऊन थांबू लागल्या. कुणाची आई, कुणाची बायको. एक म्हातारी रोज विचारी, "ताई, आजच्या तारखेला आपण जिंकलो होतो का हरलो होतो?" जिंकलो होतो म्हटले की तिला वाटे, मग आजही तिचा मुलगा सुखरूप असणार. ताईंच्या ते लक्षात आले. त्या दिवसापासून त्यांनी पराभव लिहिणे सोडले. बंदरातली गलबतेही त्यांनी गाळून टाकली.

पण एके दिवशी दोन शिपाई टोप्या हातात घेऊन पायऱ्या चढले. ताई लिहीत होत्या.

"ताई, जरा खाली बसा."

"उभ्यानेच सांगा."

हिवाळा सरतानाच्या त्याच एकोणीस तारखेला पुलापलीकडची चौकी पडली होती. सगळीच्या सगळी. शिंक्या त्या चौकीवर होता. कसे झाले, ते त्या शिपायांनाही ठाऊक नव्हते. ताईंनी हातातला शब्द पुरा केला. मग त्या सावकाश पायरीवर बसल्या, जिथे तो बसायचा तिथे, आणि दुपार टळून गेली तरी उठल्या नाहीत.

युद्ध संपले. एक दिवस एक लंगडणारा ट्रक ड्रायव्हर 'शिंक्याची बहीण कुठली?' असे विचारत व्हरांड्यात आला. ताईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. त्याने दोन्ही तसेच ठेवले.

"ताई, पुलावरून शेवटचा ट्रक मी आणला," तो म्हणाला. "अलीकडे आल्यावर साहेबांना विचारलं, चौकीवरची पोरं कुठायत? ते म्हणाले, ती मघाशीच आली. पण ती आलीच नव्हती. माघारीचा निरोप द्यायचाच राहिला होता. याला वाटलं त्याने दिला, त्याला वाटलं याने दिला. मग आपल्याच लोकांनी पूल उडवला. त्या आवाजाने ती पळत काठावर आली. टोप्या हलवायला लागली. त्यांना वाटलं, आम्हाला ती दिसलीच नाहीत."

"शिंक्या होता त्यांत?"

"होता. पार पाण्यात उतरला होता, कंबरेपर्यंत. काहीतरी ओरडत होता. वरचं बर्फ वितळून नदीला पूर आला होता, ताई. ऐकू आलं नाही."

"मग?"

"मग त्यांच्या मागून रणगाडे आले."

ड्रायव्हर गेल्यावर ताईंनी त्याचा पाण्याचा पेला उचलून धुतला, पुसला, पुन्हा धुतला.

पुढच्या एकोणीस तारखेला त्यांनी किल्ला लिहिला, गलबते लिहिली, तह लिहिला. त्याखाली त्याच अक्षरात लिहिले: 'आपल्या एका चौकीला माघारीचा निरोप द्यायचा राहून गेला. पूल उडवला. चौकीवरची सगळी माणसे पलीकडे मारली गेली.'

थोड्याच वेळात कर्नलसाहेब स्वतः आले. वाईट माणूस नव्हते ते. त्यांचाही पुतण्या त्या युद्धात गेला होता.

"ताई, याची कुठे नोंद नाही हो."

"मी आता केली ना."

"किल्ल्याला तीन शतकं झाली. ही जखम अजून ओली आहे. लोक वाचतील, अधिकाऱ्यांवरचा विश्वास उडेल."

"मग किती वर्षांनी लिहू?"

साहेब माझ्याजवळ आले. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि ती ओळ स्वतःच्या हाताने पुसली. रुमाल पांढरा झाला. तो त्यांनी घडी घालून पुन्हा खिशात ठेवला.

दर वर्षी ताई ती ओळ लिहीत आणि दर वर्षी ती पुसली जाई. पुढे पुढे तर एक शिपाई पहाटेपासूनच माझ्याजवळ उभा असे. तो म्हणे, "सावकाश लिहून होऊ द्या ताई. मग पुसतो." त्याच्या आवाजात इतकी माया असे की ताईंना त्याच्यावर रागावताही येत नसे.

मग नवे कर्नल आले. सरहद्दीवर पुन्हा कुरबुरी सुरू झाल्या होत्या आणि भरतीला मुले येत नव्हती. नव्या साहेबांनी ताईंना कचेरीत न बोलावता माझ्यासमोरच गाठले आणि टंकलेला मजकूर त्यांच्या हातात दिला. ताईंनी तो मोठ्याने वाचला.

"'याच तारखेला पुलापलीकडच्या वीरांनी परतण्याची संधी नाकारली, अखेरपर्यंत शत्रूला रोखून धरले आणि हसतमुखाने मरण पत्करले.' हसतमुखाने? कुणी पाहिलं, साहेब?"

"ताई, भावाचं नाव निघावं म्हणून इतकी वर्षं तुम्हीच धडपडताय ना? आता आम्ही मान देतोय, तर घ्या की."

"मी नाही लिहिणार."

"तुमची मर्जी. पण तुमच्या अक्षरात शोभलं असतं."

दुसऱ्या दिवशी शिंक्याची बायको मुलीला घेऊन आली. मुलगी शाळेत जायला लागली होती. आईने तिला अंगणात खेळायला पिटाळले आणि ताईंजवळ येऊन म्हणाली, "वन्सं, लिहा ते."

"खोटं आहे गं."

"माहीत आहे मला. ड्रायव्हर माझ्याकडेही येऊन गेला. पण शाळेत पोरीला विचारतात, तुझे बाबा कसे गेले? काय सांगू मी? विसरून राहिले म्हणून? लोक छत्री विसरतात, वन्सं."

ताई अंगणात खेळणाऱ्या मुलीकडे बघू लागल्या.

"खरं आपल्या दोघींना ठाऊक आहे, तेवढं पुरे. तिला जगायचंय अजून."

एकोणीस तारखेला ताईंनी ते लिहिले. मित्रांनो, त्यांचे अक्षर एरवीही सुंदर होते, पण त्या दिवशी एकही रेघ हलली नाही. किल्ला, गलबते, तह यांना त्या दिवशी जागा नव्हती; सबंध माझ्यावर तेवढाच मजकूर होता. बँड वाजला. साहेबांनी भाषण केले. शिंक्याच्या मुलीला पुढे उभे केले आणि तिने अक्षर अक्षर जुळवत सगळे वाचून दाखवले. 'हसतमुखाने' हा शब्द तिला जड गेला. ती अडखळली, पुन्हा म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिची आई रडत होती. ताई टाळ्या वाजवत होत्या.

त्याच दुपारी रंगारी आला. पांढऱ्या ऑइलपेंटने त्याने ताईंच्या अक्षरांवरून बारीक कुंचला फिरवला, काना-मात्रासुद्धा सोडली नाही. वरून वार्निशचा हात दिला. तेव्हापासून माझ्यावर खडू उमटत नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला एक नवा फळा आला, त्यावर दुसरे कुणी लिहू लागले. माझ्यासाठी मात्र वर्षाचे सगळे दिवस एकोणीस तारीखच असते.

वर्षातून एकदा मला हार घालतात. एरवी माझ्या मागे गांधीलमाश्या पोळे करतात आणि रंगरूट माझ्या कोपऱ्यावर ओले मोजे वाळत घालतात. ते माझ्याकडे बघतही नाहीत. त्याचे मला वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते कुणी थांबून वाचले की.

बऱ्याच वर्षांनी एक तरुण मुलगी गणवेशात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नवे युद्ध सुरू झाले होते आणि बाहेर ट्रक भरत होते. तिचे नाक मी ओळखले. शिंक्याचेच होते. तिच्या मागून काठी टेकत ताई आल्या. त्या आता फार थकल्या होत्या. तिची आई त्याआधीच वारली होती, त्यामुळे घरात खरे काय ते ठाऊक असलेल्या त्या एकट्याच उरल्या होत्या.

"आत्या," मुलगी म्हणाली, "एक विचारू? रागावू नकोस. बाबांना खरंच परत यायचं नव्हतं? म्हणजे... मी एवढीशी होते. मला सोडून ते स्वतःहून थांबले?"

ताईंचे तोंड उघडले. मला वाटले, आता त्या सांगतील. पाण्यात कंबरेपर्यंत उतरला होता म्हणून सांगतील, परत येण्यासाठी ओरडत होता म्हणून सांगतील. त्या पोरीला तेवढेच हवे होते.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजला.

"हो गं," ताई म्हणाल्या. "स्वतःहून."

मुलीने मान हलवली. तिने मला कडक सलाम ठोकला, आत्याच्या पायांना हात लावला आणि ती धावत पायऱ्या उतरली. "मीही तशीच थांबेन, बघ!" ती ट्रकमधून ओरडली.

ट्रक फाटकाबाहेर गेल्यावर ताई माझ्याजवळ आल्या आणि नखाने एक अक्षर खरवडू लागल्या. रंग निघाला नाही. नख मात्र मोडले. त्यानंतर त्या वाचनालयात आल्या नाहीत. ती मुलगी परत आली की नाही, तेही मला कळले नाही. मला येऊन कोण सांगणार?

मित्रांनो, मी लाकूड आहे. माझ्यावर जे लिहितात, ते मी दाखवतो. तुमचे तसे नाही. तुमच्या घरातले माणूस कसे गेले, हे मुलांनी विचारले तर ते त्यांना तोंडाने सांगा. वाईट असेल तरी सांगा. ते काम फळ्यांवर सोपवू नका. आणि मूल समोर उभे राहून विचारत असेल, तेव्हा 'हो' म्हणण्याआधी क्षणभर थांबा. ताईंनाही तो क्षण मिळाला होता. मी पाहत होतो, आणि मला तोंड नव्हते.