लाल टिपक्याचे शंख

"आकडा हातात आला की तो कुणाच्या हातून आला ते आधी बघा," असं आमच्या संख्याशास्त्राच्या बाई सांगायच्या. परीक्षेत हे येणार नाही म्हणून मी सोडून दिलं. पुढे लग्न झालं, दादर सुटलं आणि आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायला आलो.

१९९४च्या या पावसात सोसायटीच्या अंगणात शंखी गोगलगायी झाल्या. मुठीएवढ्या, मूळच्या आफ्रिकेतल्या. माझी रुचिता दीड वर्षाची, दिसेल ते तोंडात घालणारी. डॉक्टर म्हणाले, यांच्यातून क्वचित एक कृमी पोटात जातो आणि मेंदूपर्यंत पोचतो; मग मान आखडते, वळवली की दुखते. 'क्वचित' मला ऐकूच आलं नाही. रुचिताचं खाली जाणं बंद. ती दिवसभर ग्रिलला लटकून, खाली बोट दाखवत "खाई, खाई" करायची.

वॉचमन महिपत रोज संध्याकाळी गोगलगायी वेचून मिठाच्या पाण्यात टाकायचा. ऑगस्ट सरता सरता म्हणाला, "वैनी, खलास. तीनदा फिरलो, एक नाय."

"नाहीत, की तुला दिसल्या नाहीत?"

"आता नसलेली कशी दाखवू?"

खरंच, कशी दाखवणार? पण त्याची नजर किती चुकते हे तर मोजता येईल. मी मेलेल्या गोगलगायींचे दहा शंख धुऊन वाळवले, प्रत्येकावर नेलपॉलिशचा लाल टिपका दिला आणि संध्याकाळी अंगणात लपवले.

नवरा, पराग, म्हणाला, "लोक लग्नात अंगठी शोधतात, तू शंख शोधायला लाव."

दुसऱ्या संध्याकाळी महिपतने सात आणून दिले. म्हणजे दहात तीन निसटतात. एखादी खरी गोगलगाय उरलीच असेल, तर ती तिन्ही फेऱ्यांत निसटण्याची शक्यता तीन दशांशाचे तीन दशांश, त्याचेही तीन दशांश. शंभरात तीनसुद्धा नाही.

"मग सोड की पोरीला खाली," पराग म्हणाला.

आधी राहिलेले तीन शंख उचलावेत म्हणून गेले. टाकीमागे नव्हता. जास्वंदीच्या बुंध्याशी नव्हता. जिन्याखालीही नव्हता. रिकामे शंख चालत कसे गेले?

मी टाकीमागे पुन्हा एक शंख ठेवला आणि सकाळी उठल्याबरोबर खिडकीत बसले. तळमजल्यावरच्या उर्मिलाबेन बाहेर आल्या. हातात करंडी. वाकून, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर त्यांनी शंख अलगद घेतला. उर्मिलाबेन जैन; चातुर्मासात या पावलाखालची मुंगीसुद्धा सांभाळतात. मी धावत खाली गेले.

"लाल टिपका देखा तो समझी, मारने के लिए निशान किया है," त्या म्हणाल्या.

"ये तो खाली है, उर्मिलाबेन."

त्यांनी शंख कानाशी हलवला, आत पाहिलं आणि हसू लागल्या. "मैं तो तीन खाली शंख को नवकार सुनाकर आई."

"और जिंदा?"

"रोज सुबह ले जाती थी. अब आठ दिन से एक नहीं, बस ये टिपकेवाले."

म्हणजे महिपतच्या नजरेतून काहीच निसटलं नव्हतं. जे होतं ते सगळं त्याने शोधलं होतं. अंगण खरंच साफ होतं, माझ्या हिशेबापेक्षाही जास्त.

"छोड़ती कहाँ हो?"

"मुर्धा गाँव में. अपनी भाजीवाली कमळाबाई की वाडी के पीछे. हरा-हरा है, वहाँ कोई नमक नहीं डालता."

कमळाबाईची नात निशा रुचिताएवढीच. आजी खुरपते तोवर तिथेच मातीत बसलेली असते.

त्या दिवशी मी रुचिताला परागबरोबर खाली सोडलं आणि उर्मिलाबेनना घेऊन रिक्षाने मुर्ध्याला गेले. लाल माठाची पानं खालून कुरतडलेली. एका पानाआड अंडी, साबुदाण्यासारखी.

"गोगलगायीला काय भ्यायचा?" कमळाबाई म्हणाली. "वाडीत पयल्यापासून हायेत."

"या त्या नव्हेत, कमळाबाई."

"बाय, तू लय शिकलीस. म्हनून तुला भ्या वाटतं."

निशाच्या बोटांना माती होती. मी हात धुवायला लावले, मीठ आणि हातमोजे ठेवून आले. नंतर दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा मीठ तसंच पडलेलं.

मला रोज जाणं जमत नाही. तुम्ही मुर्ध्याकडे राहत असाल, तर जाता-येता त्या वाडीत डोकवा. निशा वाफ्यात बसली असेल. तिच्या मुठीत काय आहे ते बघा. आणि मान वळवताना ती रडली, तर आजी काही म्हणो, तिला डॉक्टरकडे घेऊन जा.