झुडपाला टांगलेल्या पिशव्या

नर्सने बजावलं होतं की रोज कालव्याच्या पाणी अडवणाऱ्या दारापर्यंत चालायचंच. म्हणून घोट्यापर्यंत बर्फ पडलेला असूनही बायकोने, ग्लेनिसने, मला बाहेर काढलं. ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. कालवा गोठला होता, नावा जागच्या जागी अडकल्या होत्या आणि काठच्या काटेरी झुडपांना कुत्रेवाल्यांनी काळ्या पिशव्या टांगून ठेवल्या होत्या. मी अकरा मोजल्या.

"कुत्र्याची घाण उचलायची, नीट गाठ मारायची आणि वर झाडाला लटकवायची!" मी भडकलो. "त्यापेक्षा जमिनीवर राहू द्या ना, मेल्यांनो!"

"ओरडू नकोस, नॉर्मन, टाके दुखतील."

त्यातच कोटाच्या आत, आतडं कापल्यापासून पोटावर चिकटवलेली माझी स्वतःची पिशवी भरू लागली. एवढ्या थंडीत माझ्या अंगावर तेवढीच काय ती ऊब होती, आणि तिचीच मला सगळ्यात जास्त शिसारी आली.

ग्लेनिसने खिशातून एक मोठी पिशवी काढली आणि झुडपावरच्या एकेक पिशवी सोडवून तिच्यात टाकू लागली.

"शी! हात लावू नकोस! कुणाकुणाची घाण ती!"

तिने नाकही मुरडलं नाही.

"रोज सकाळी मी तुझी पिशवी बदलते, तेव्हा तू छताकडे बघत पडून राहतोस," ती म्हणाली. "इथे छत नाहीये. आभाळाकडे बघ."